एक्सबॉक्स ३६०चा डिस्क ड्राइव्ह घरी बदलताना: जंगलफ्लॅशर, व्हीआयए कार्ड आणि बाकी अवजारांचं परीक्षण

एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलचा ड्राइव्ह गेला म्हणून दुसऱ्या कन्सोलमधला चांगला चालणारा ड्राइव्ह काढून बसवला, तर कन्सोल सुरू होतो, ट्रे आत-बाहेर होतो, सिनेमाची डीव्हीडीही चालते. गेमची डिस्क घातली की मात्र कन्सोल तिलाच सिनेमा समजतो. ती लावली तर ही डिस्क एक्सबॉक्स ३६० कन्सोलमध्ये घाला, अशी सूचना वेगवेगळ्या भाषांत पडद्यावर येते, आणि तीही एक्सबॉक्स ३६०च्याच पडद्यावर. पुष्कळ जण इथे ड्राइव्ह विकणाऱ्याला दोष देतात. ड्राइव्हमध्ये बहुधा काहीही बिघाड नसतो, फक्त त्याची किल्ली जुळत नसते.

प्रत्येक कन्सोलची १६ बाइटची एक किल्ली असते. ती दोन ठिकाणी ठेवलेली असते: कन्सोलच्या मदरबोर्डवरच्या नँड मेमरीत, तीही सांकेतिक रूपात, आणि ड्राइव्हच्या बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये. डिस्क घातली की कन्सोल ड्राइव्हची ओळख या किल्लीने पडताळतो. ओळख पटली तर डिस्कवरचा गेमचा भाग खुला होतो. नाही पटली तर डिस्कच्या सुरुवातीला असलेला छोटा व्हिडिओचा भाग तेवढा दिसतो, आणि वरची सूचना त्याच भागात असते. त्यामुळे ड्राइव्ह बदलायचा म्हणजे जुन्या ड्राइव्हची ओळख नव्यात न्यावी लागते. ती नेण्याची घरगुती साधनं कोणती, आज त्यांतलं काय घेण्यासारखं आहे आणि कशाच्या नादी लागू नये, एवढंच इथे पाहू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॉपी केलेल्या डिस्क चालवणारं बदललेलं फर्मवेअर हा या परीक्षणाचा विषय नाही. ते टाकलेले लाखो कन्सोल मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००९मध्ये एक्सबॉक्स लाइव्हवरून कायमचे बंद केले होते. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीत ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. दुरुस्तीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१मध्ये कन्सोलच्या ऑप्टिकल ड्राइव्हच्या दुरुस्तीला खास सूट मिळाली. तिची अट अशी की काम झाल्यावर मूळ संरक्षण पुन्हा जागेवर आलं पाहिजे. मूळ फर्मवेअर आणि मूळ किल्ली परत बसवली की ही अट आपोआप पाळली जाते, आणि आपल्यालाही तेवढंच हवं आहे. ३६०चं उत्पादन २०१६मध्ये थांबलं, ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं. आता घरात असलेल्या डिस्क आणि त्या वाचणारा ड्राइव्ह यांनाच खरी किंमत आहे. तो ड्राइव्ह वाचवणं मनापासून करण्यासारखं काम आहे.

संगणकाला हात लावण्याआधी

ड्राइव्ह मेला असं ज्याला म्हणतात त्यात बरेचदा मेलेला असतो रबरी पट्टा. ट्रे बाहेर येत नाही, अर्धा येऊन परत जातो, किंवा आतली मोटर फिरल्याचा आवाज येतो पण ट्रे हलत नाही, ही त्याची लक्षणं. ड्राइव्हचं झाकण काढलं की पुढच्या बाजूला छोट्या पुलीवर काळा पट्टा दिसतो. चिमट्याने काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टा आणि दोन्ही पुली पुसा, परत बसवा. पट्टा बोटात ताणून सोडला आणि तो लगेच मूळ आकारात आला नाही, तर नवाच घ्या.

ट्रे ठीक आहे, डिस्क फिरते, पण कधी गेम ओळखतो, कधी डिस्क वाचता येत नाही असं म्हणतो, तर लेझर थकला आहे. ३६०चे गेम दोन थरांच्या डिस्कवर येतात, म्हणून कमजोर लेझर आधी गेमवर अडखळतो आणि साधी डीव्हीडी आणखी बरेच दिवस चालवतो. अशा वेळी फक्त लेझर बदलता येतो. जुन्या जाड मॉडेलच्या लाइट-ऑन आणि बेनक्यू ड्राइव्हसाठी एचओपी-१४१एक्स, नंतरच्या बारीक म्हणजे स्लिम मॉडेलमधल्या लाइट-ऑन डीजी-१६डी४एससाठी एचओपी-१५एक्सएक्स, असे क्रमांक विचारा. नव्या लेझरच्या फ्लॅट केबलवर, लेझरच्या अगदी जवळ, दोन बिंदूंना जोडणारा सोल्डरचा बारीकसा थेंब असतो. स्थिर विजेपासून लेझर वाचावा म्हणून कारखान्यात तो मुद्दाम ठेवतात. लेझर बसवून केबल जोडली की तो थेंब सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) उचलून घ्यायचा. तो राहिला तर लेझर पेटतच नाही, आणि लोक नवा भाग खराब निघाला म्हणून परत पाठवतात. भिंगाने पाहिल्याशिवाय तो नीट दिसत नाही. सोल्डरिंग आयर्न ३२० अंशांच्या आसपास, स्पर्श दोन सेकंदांपेक्षा जास्त नको.

लेझरवरचा बारीक स्क्रू फिरवून ताकद वाढवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. काही आठवडे गेम चालतात, मग लेझर कायमचा जातो. दुसरा लेझर हातात असताना हे करण्यात काही अर्थ नाही.

या दोन्ही दुरुस्त्यांत किल्लीला, फर्मवेअरला, संगणकाला हात लावावा लागत नाही. पुढची सगळी अवजारं विकत घेण्याआधी एवढं करून बघाच.

बोर्ड उचलून नेणं

अख्खा ड्राइव्ह बदलावा लागला तरी फ्लॅश करणं, म्हणजे चिपवर फर्मवेअर नव्याने लिहिणं, ही पहिली निवड नसावी. किल्ली ड्राइव्हच्या तळाच्या हिरव्या बोर्डवर असते. त्याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह आणा, त्याचा बोर्ड काढा, आपला जुना बोर्ड त्यात बसवा. किल्ली, मॉडेलची ओळख आणि फर्मवेअरची आवृत्ती, सगळं बोर्डाबरोबर जातं. यांत्रिक भाग आणि लेझर नवे, बोर्ड तुमचाच. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं.

यात काळजी घ्यायची ती फ्लॅट केबलींची. काही कनेक्टरना कुलूप असतं, काहींना नसतं. कुलपाची काळी पट्टी नखाने हळूच वर घ्यायची किंवा सरकवायची, मग केबल सहज निघते. कुलूप न उघडता ओढलं तर केबलच्या टोकाचे चंदेरी पट्टे सोलून निघतात आणि मग तो लेझर कामाचा राहत नाही. केबल परत घालताना ती तिरकी गेली नाही ना, हे भिंगातून पाहा. एक पट्टा सरकला तरी ड्राइव्ह डिस्क फिरवत नाही. ट्रेच्या मोटरच्या तारा कुठे कनेक्टरवर, कुठे थेट डाग दिलेल्या, असं मॉडेलनुसार बदलतं. डाग असेल तर सुटी करण्याआधी फोटो काढून ठेवा.

मॉडेल मात्र अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. जाड कन्सोलमध्ये चार घराणी आढळतात: हिताची-एलजीचा जीडीआर-३१२०एल, तोशिबा-सॅमसंगचा टीएस-एच९४३ए, बेनक्यूचा व्हीएडी६०३८ आणि लाइट-ऑनचा डीजी-१६डी२एस. स्लिममध्ये लाइट-ऑनचे डीजी-१६डी४एस आणि डीजी-१६डी५एस, आणि हिताचीचा डीएल१०एन. हे सगळं ड्राइव्हच्या लेबलवर छापलेलं असतं. विकत घेताना विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवा. एक्सबॉक्स ३६०चा ड्राइव्ह, एवढ्या वर्णनावर पैसे देऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. जुना बोर्ड जिवंत असेल तर बोर्डच न्या, खालची अवजारं घेऊ नका. बोर्डाचा एखादा कनेक्टर उखडला असेल पण बोर्ड अजून संगणकाला उत्तर देत असेल, किंवा मिळालेला ड्राइव्ह त्याच घराण्यातला पण वेगळ्या आवृत्तीचा असेल, तेव्हाच फर्मवेअरचा रस्ता धरायचा.

जंगलफ्लॅशर

विंडोजवर चालणारा हा फुकट प्रोग्राम या कामाचा कणा आहे. किल्ली वाचणं, दोन फर्मवेअर शेजारी ठेवून एकाची ओळख दुसऱ्यात घालणं आणि ड्राइव्हवर लिहिणं, ही तिन्ही कामं तो एकाच खिडकीत करतो. डीव्हीडीकी ३२, फर्मवेअरटूल ३२, एमटीके फ्लॅश ३२ आणि हिताची असे वेगळे टॅब आहेत. हिताचीची रीत बाकी तिघांपेक्षा पूर्ण निराळी, म्हणून तिला स्वतंत्र टॅब. फर्मवेअरच्या फायली प्रोग्रामबरोबर येत नाहीत.

यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे खालचा लॉग. प्रत्येक पायरीला ड्राइव्हने काय उत्तर दिलं ते ओळीने लिहिलं जातं. काम बिघडलं तर नेमकं कुठे बिघडलं ते त्यावरून कळतं. दर वेळी तो लॉग फाइलमध्ये साठवा.

आता त्रास. प्रोग्राम जुना आहे आणि संगणकाच्या साटा पोर्टशी (डिस्क-ड्राइव्ह जोडण्याच्या जागेशी) थेट बोलण्यासाठी पोर्टआयओ नावाचा ड्रायव्हर वापरतो. ३२ बिट विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७वर तो मुकाट चालतो. ६४ बिट विंडोजमध्ये ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद केल्याशिवाय तो उघडतच नाही, आणि प्रोग्राम प्रशासक म्हणून चालवावा लागतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटाची रीत एएचसीआयवरून आयडीईवर आणावी लागते. आजच्या मदरबोर्डमध्ये ती सोय बहुधा नसतेच. म्हणून या कामासाठी पीसीआय खाचेचा एखादा जुना डेस्कटॉप बाजूला काढणं, नव्या लॅपटॉपशी झगडण्यापेक्षा फार सोपं पडतं.

जोडणीची अवजारं

व्हीआयए व्हीटी६४२१ए चिपचं साटा कार्ड हा जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा पर्याय. ड्राइव्हचा पुरवठा चालू-बंद केला तरी हे कार्ड गोंधळत नाही, आणि पुढे दिसेल तसं या कामात नेमकं तेच करावं लागतं. कार्ड बसवल्यावर विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर घालू नका. आपोआप बसला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून काढा. ड्रायव्हर असेल तर विंडोज मध्येच ड्राइव्हशी बोलायला जातं आणि लिहिणं अर्ध्यात तुटतं. हे पीसीआय कार्ड आहे, पीसीआय एक्सप्रेस नाही. विकत घेताना चिपवरचा क्रमांक वाचा, कारण दिसायला सारखीच पण दुसऱ्या चिपची कार्डं भरपूर मिळतात.

एक्स३६०यूएसबी प्रो हा याच कामासाठी बनलेला यूएसबी जोड. बायोसची रीत, पीसीआय खाच, पोर्टआयओ, या तिन्हींतून तो सोडवतो आणि लॅपटॉपवरही चालतो. सोयीच्या बाबतीत हाच पहिला. पण नवीन उत्पादन केव्हाच थांबलं आहे, आणि बाजारात नकला फार. जुना मूळ तुकडा योग्य किमतीत मिळाला तर घ्या. नकलेवर किल्ली वाचण्यापुरता विश्वास ठेवता येईल, कारण वाचलेलं पुन्हा वाचून ताडता येतं. लिहिण्यासाठी मी व्हीआयए कार्डच वापरेन. साधा यूएसबी-साटा जोड किंवा हार्ड डिस्कचा डॉक इथे अजिबात चालत नाही, कारण या कामाला लागणाऱ्या खास आज्ञा तो ड्राइव्हपर्यंत पोचवत नाही.

विजेचा प्रश्न वेगळा. ड्राइव्हचा पॉवर कनेक्टर एक्सबॉक्सचा स्वतःचा आहे, त्यात संगणकाचा साटा पॉवरचा प्लग बसत नाही. म्हणून कन्सोल उघडा ठेवून त्याच्याच केबलने वीज द्यायची आणि फक्त साटा केबल संगणकाला लावायची. जाड कन्सोल वापरत असाल तर एव्ही केबल जोडलेली ठेवा, नाहीतर चार लाल दिवे लागतात आणि तुम्ही भलताच दोष शोधत बसता. सीके३ नावाच्या जोडणीच्या संचात वेगळा पुरवठा आणि स्विच असतो. काम वारंवार करणार असाल तर त्या स्विचची किंमत वसूल होते, एकाच कन्सोलसाठी गरज नाही.

अमेरिकेतून आणलेला कन्सोल असेल तर आणखी एक पाहा. त्याच्याबरोबरची पॉवरची वीट (अडॅप्टर) ११० व्होल्ट वर्गाची असते आणि ती थेट आपल्या २३० व्होल्टवर लावता येत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर घाईत ही चूक होते. ड्राइव्हच्या किल्लीला मात्र देशाशी काही देणंघेणं नाही, अमेरिकन कन्सोलची किल्ली इथल्या त्याच मॉडेलच्या ड्राइव्हमध्ये बिनदिक्कत चालते.

हत्यारांत टॉर्क्स टी८ आणि टी१०, बारीक फिलिप्स, प्लास्टिकची पाती, चिमटा आणि भिंग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. टॉर्क्स मात्र चांगल्या पोलादाचे घ्या. जाड कन्सोलच्या तळाचे लांब स्क्रू घट्ट असतात, हलक्या पात्याचं टोक त्यात फिरतं आणि स्क्रूचं डोकं जातं.

बेनक्यूवर काम कसं होतं

उदाहरणासाठी बेनक्यू व्हीएडी६०३८ घेऊ, कारण मूळ फर्मवेअर ठेवून किल्ली हलवायला हे घराणं सरळ आहे. जुना ड्राइव्ह यांत्रिकदृष्ट्या मेलेला असला तरी बोर्ड उत्तर देत असेल तर त्याचं फर्मवेअर वाचता येतं.

आधी संगणक चालू करा, जंगलफ्लॅशर उघडा, मग ड्राइव्हला वीज द्या. एमटीके फ्लॅश ३२ टॅबवर योग्य पोर्ट निवडला की ड्राइव्हचं नाव दिसलं पाहिजे. नाव दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. केबल, पोर्ट, बायोस, याच क्रमाने तपासा. इंट्रो हे बटण दाबलं की प्रोग्राम ड्राइव्हला विक्रेता-अवस्थेत नेण्याची आज्ञा देतो. या अवस्थेत ड्राइव्ह डिस्क वाचणं सोडून स्वतःची फ्लॅश चिप उघडी करतो. लॉगमध्ये टिंबांची ओळ वाढू लागली की ड्राइव्हची वीज बंद करून लगेच चालू करा. नेम साधला तर ओळ थांबते आणि फ्लॅश चिप सापडल्याचं, तिच्या नाव-आकारासह, लिहून येतं. नाही साधला तर ड्राइव्ह नेहमीसारखाच उत्तर देतो. घाबरण्यासारखं काही नाही, पुन्हा करा. या टप्प्यावर अजून काहीच लिहिलेलं नसतं.

मग रीड. चार बँका, म्हणजे चिपचे चार भाग, वाचल्या जातात, प्रत्येकी ६४ केबी, आणि फाइल बरोबर २,६२,१४४ बाइटची होते. एक बाइट कमी-जास्त असेल तर ती फाइल टाकून द्या. वीज बंद करून, सगळं पुन्हा करून दुसऱ्यांदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) ताडून पाहा. दोन्ही एकच आले तरच वाचन खरं. हीच फाइल फर्मवेअरटूलमध्ये उघडली की किल्ली ३२ हेक्स अंकांत दिसते. सगळे एफ किंवा सगळी शून्यं दिसली तर ती किल्ली नव्हे, वाचन फसलं आहे. ती किल्ली कागदावर हाताने लिहून घ्या. बी आणि ८, डी आणि ० यांत गल्लत होते, म्हणून चार-चार अंकांचे गट पाडून लिहा.

आता आणलेल्या ड्राइव्हचं फर्मवेअर त्याच रीतीने दोनदा वाचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन ड्राइव्हच्या फायली एकाच फोल्डरमध्ये सारख्या नावाने ठेवणं हे या कामातल्या नुकसानीचं फार नेहमीचं कारण आहे. फर्मवेअरटूलमध्ये डावीकडे स्रोत म्हणून जुनी फाइल, उजवीकडे लक्ष्य म्हणून नवी. स्पूफचं बटण दाबलं की जुन्याची किल्ली आणि ओळखीचे तपशील नव्यात जातात. बटण दाबल्यावर दोन्ही बाजूंची किल्ली अंकागणिक जुळवून पाहा, मगच फाइल साठवा.

लिहिताना संगणक यूपीएसवर असू द्या. राईट दाबल्यावर चार बँका लिहिल्या जातात आणि पडताळल्या जातात. पडताळणी झाल्याची ओळ येईपर्यंत वीज, केबल, माऊस, कशालाही हात नको. एखादी बँक फसली तर वीज न काढता तिथेच पुन्हा राईट करा. ड्राइव्ह अजून विक्रेता-अवस्थेत असतो तोवर तो वाचवता येतो. वीज काढली की अर्धवट फर्मवेअरने तो परत उठेलच असं नाही. शेवटी आउट्रो, वीज बंद, ड्राइव्ह कन्सोलमध्ये.

मॉडेल सारखंच ठेवा, असं मी पुन्हा सांगेन. बेनक्यूला सॅमसंग म्हणवणं, लाइट-ऑनला हिताची म्हणवणं, असे प्रकार बदललेल्या फर्मवेअरच्या आधाराने होत. मूळ फर्मवेअर ठेवायचं असेल तर बेनक्यूला बेनक्यूच हवा. कन्सोलच्या मेमरीत किल्लीबरोबर मूळ ड्राइव्हच्या मॉडेलची नोंदही असते. चालू करताच एका लाल दिव्याबरोबर पडद्यावर ई६४, ई६५ किंवा ई६६ दिसला, तर दोष ड्राइव्हच्या बाजूचा आहे, मदरबोर्डचा नाही. आधी केबली नीट बसल्यात का पाहा, मग मॉडेल.

लाइट-ऑन आणि स्लिम

लाइट-ऑन डीजी-१६डी२एस हा वेगळाच प्राणी. यात किल्ली वाचायला साटा पुरत नाही. बोर्डवरच्या एका बारीक बिंदूला सुईसारखा प्रोब टेकवून सिरियल जोडणीने ती काढावी लागते. ट्रे उघडा, वीज बंद करा, ट्रे हाताने अर्धा आत ढकला, वीज द्या आणि मग डीव्हीडीकी ३२चं बटण दाबा. ७४८५०सी आवृत्तीवर हे जमतं. सुई थरथरली तर किल्लीचे मधले अंक चुकीचे येतात, म्हणून तीन वेळा काढा आणि तिन्ही ताडा. ८३८५०सीचे पुढचे तुकडे आणि ९३४५०सी यांत ही वाट बंद केलेली आहे. तिथे बोर्डवरची तांब्याची वाट कापून मध्ये स्विच बसवण्याचा उद्योग करावा लागतो. ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली डाग दिलेले नाहीत त्याने तो करू नये.

याच घराण्यात सगळ्यात घातक बटण आहे: लाइट-ऑन इरेझ. लिहिण्याआधी ते चिप पुसतं आणि किल्लीही त्यात जाते. किल्लीची तपासलेली फाइल दोन ठिकाणी ठेवलेली नसेल तर या बटणापासून लांब राहा. जुन्या मार्गदर्शकांत ते इतक्या सहज लिहिलेलं असतं की वाचणाऱ्याला धोका जाणवतच नाही, आणि जंगलफ्लॅशरही पुरेसं अडवत नाही. हा मला या प्रोग्रामचा खरा दोष वाटतो.

स्लिमच्या ड्राइव्हमध्ये फ्लॅश चिपला लेखनबंदी आहे. ती मोडायला लोक कामिकाझे नावाच्या रीतीने चिपमध्येच बारीक ड्रिल घालत. अर्धा मिलिमीटर चुकला की बोर्ड गेला. दुरुस्तीसाठी असलं काही करण्याची गरज नाही. स्लिमला बोर्ड उचलून नेणं किंवा लेझर बदलणं, हे दोनच रस्ते धरा.

मूळ बोर्ड हरवला, जळला किंवा पुसला गेला तर? किल्लीची दुसरी प्रत कन्सोलच्या नँडमध्ये आहेच, पण ती वाचायला प्रोसेसरची किल्ली लागते आणि ती मिळवायला २०११मध्ये पुढे आलेल्या रीसेट ग्लिचसारखी मदरबोर्डवरची शस्त्रक्रिया. एका ड्राइव्हसाठी एवढा खटाटोप फार थोड्या कन्सोलबाबत परवडेल. दुकानात ड्राइव्ह बदलून घेत असाल तर जुना ड्राइव्ह, निदान त्याचा बोर्ड, परत मागा. भंगार म्हणून तो काउंटरवर सोडून येऊ नका.

काम संपल्यावर किल्लीची फाइल, मूळ फर्मवेअरच्या दोन्ही प्रती आणि लॉग एका फोल्डरमध्ये घाला आणि फोल्डरला कन्सोलच्या मागे छापलेला अनुक्रमांक नाव म्हणून द्या. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर. हाताने लिहिलेला कागद घडी घालून कन्सोलच्या प्लास्टिकच्या वरच्या कवचाला आतून चिकटवा, पंख्याच्या आणि हवेच्या जाळीच्या वाटेत येणार नाही असा. पुढे कधी तो कन्सोल दुसऱ्या कोणी उघडला, तरी त्याला किल्ली तिथेच सापडेल.